कारण विचारू नये

माझ्या पुस्तकातलं एक वाक्य वकील मंडळी अजून छाती फुगवून कोर्टात वाचून दाखवतात: मूल कोणत्या शाळेत घालायचं हे पालकांनी ठरवावं, त्याचं कारण विचारण्याचा अधिकार शाळेला नाही. राज्यघटनेचा मोठा अभ्यासक म्हणून माझं नाव झालं ते या वाक्यावर. ते मला सुचलं कसं, हे मात्र कुणी विचारलं नाही. घाबरून सुचलं.

१९५६ साली मी बारामतीला नवाकोरा न्यायाधीश होतो. जवळच्याच एका खेड्यातल्या छबूबाई नावाच्या विधवेनं दावा लावला होता. आपल्या दहा वर्षांच्या लेकीला, नकोशीला, भिगवणला मावशीकडं ठेवून तिथल्या शाळेत घालायचं तिच्या मनात होतं. गावच्या शाळेचे हिंदुराव मास्तर शाळा सोडल्याचा दाखला देत नव्हते. आधी सबळ कारण दाखवा, मग दाखला, असं त्यांचं म्हणणं.

कोर्टात निम्मं गाव येऊन बसलं होतं. मी पुस्तकी माणूस, मलाही कारण हवंच होतं.

"बाई, या शाळेत वाईट काय आहे?"

"काय न्हाय, सायेब. तितं धाडायची न्हाय, एवढंच हाय."

"अहो, पण का?"

तिनं पोरीला आपल्या मागं ओढलं. मग मी शहाणपणा केला आणि पोरीलाच पुढं बोलावलं. "तू सांग बाळ, का जायचं नाही?"

नकोशीनं मास्तरांकडं पाहिलं आणि दोन्ही मुठींत परकर आवळून धरला. छबूबाई हात जोडून हळूच म्हणाली, "सायेब, तिला नगा इचारू. हितं नगा. उद्या तिला दारात कोन उभं करंल?"

तेव्हा कुठं मला उमगलं, आणि मी घाबरलो. पोरीचे ओठ हलायला लागले होते. ती बोलली असती तर गावानं मास्तरांना सोडून तिलाच नावं ठेवली असती. मी तिला घाईघाईनं मागं बसवलं आणि निकालात ते वाक्य लिहिलं; पुस्तकात ते नंतर गेलं. आठ दिवसांत दाखला द्यावा, असा हुकूम केला.

छबूबाई लेकीला पदराखाली घेऊन बाहेर पडली. मास्तर दावा हरले होते, तरी त्यांनी हसून मला नमस्कार केला. त्यांना मी एकही प्रश्न विचारला नव्हता. त्या हसण्याची मला आजही भीती वाटते.

सोमवारी त्यांची शाळा वेळेवर भरली. पटावर अजून अकरा मुली होत्या.