नाव रामहरीचं, छाती गहिनीनाथची

मित्रांनो, मी एक जुना डोसिमीटर आहे. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा, खिशाला अडकवायचा. अणुवीज केंद्रात माणसाच्या अंगावर किती किरणं पडली, ते मी मोजतो. ठरलेली हद्द आली की किंचाळतो. बस्स. किरणं अडवत नाही. मला ताईत समजणाऱ्यांचा वैताग येतो.

नवा होतो तेव्हा साहेब म्हणायचे, हा खोटं बोलत नाही. नाहीच बोललो. पण नाव कुणाचं आणि छाती कुणाची, हे मला कुणी विचारलं?

पाथर्डीकडची टोळी केंद्राच्या दुरुस्तीला आली. ऊसतोडीची माणसं. एकाचं अडलं की दुसऱ्यानं सावड द्यायची, ही त्यांची रीत. गहिनीनाथचा डोसिमीटर हद्दीला टेकला. आता त्याला घरी धाडणार. तेव्हा चुलतभाऊ रामहरीनं मला आपल्या खिशातून काढून त्याला लावलं.

"घे दादा, माजा कोरा हाय. मी भाईर फरशी पुसतो."

टोळी आणणारा मुकादम हसला. "यंत्राला काय कळतंय कुनाचं अंग!"

पाईपाखाली वाकून गहिनीनाथ घासत राहिला. मी मोजत राहिलो, रामहरीच्या नावावर. रोज तेच. मी थकलो.

मग गहिनीनाथच्या बायकोचा, रंगुबाईचा फोन आला. गहिनीनाथनं कौतुकानं सावडीचं सांगितलं. ती स्पीकरवर कडाडली, "भावजी, तुमच्या मोळ्या यांनी बांधल्या तर तुमचं काम हलकं व्हतं. यांच्या अंगात गेलेलं तुमच्या नावावर लिवलं म्हून कमी व्हतंय का?"

मुकादम ओरडला, "चला, गेटवर!" गहिनीनाथनं माझ्यासाठी हात पुढं केला. रामहरीनं मूठ मिटली.

"न्हाई दादा. घरी जा."

"काम जाईल माजं."

"जाऊ दे. न्हाईतर वैनी मला उंबरा वलांडू देनार न्हाई."

तो मला घेऊन थेट साहेबासमोर उभा राहिला. "ह्यो आकडा माजा न्हाई, ह्याचा हाय. त्याच्या नावावर लिवा."

साहेबानं दोघांनाही काढलं. मुकादमाला कुणी काही विचारलं नाही. आज तो केडगावात नवी माणसं भरतो, आणि बॅटरी गेली म्हणून केंद्रानं टाकून दिलेला मी त्याच्याच टेबलावर, भरतीला आलेल्यांना दाखवायचा नमुना म्हणून पडून आहे.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. मी बिघडलो तर दुसरा मिळतो. गहिनीनाथ मिळत नाही. तुमचं माप तुमच्याच छातीवर ठेवा, आणि मी किंचाळलो की निघा. मुकादम काहीही म्हणो.