अकरा गळे

परवाना कचेरीतल्या तवक्कुलीनं टेप थांबवली, मागं फिरवली आणि तोच तुकडा तिसऱ्यांदा ऐकवला. बारा बायका एका सुरात गात होत्या. "इथं," त्यानं बोट वर केलं, "इथं एक आवाज वेगळा पडतो. बाईनं एकटीनं गायचं नाही, हा नियम तुम्हाला ठाऊक आहे. वृंदात गायला हरकत नाही. पण वृंदातही एखादा आवाज ओळखू येता कामा नये."

टेबलाच्या अलीकडे फरंगीस आणि म्हातारा संतूरवादक मनूचेहर बसले होते. मनूचेहरच्या चालींचा कार्यक्रम तेहरानमध्ये वीस वर्षांनी पहिल्यांदा व्हायचा होता आणि परवाना या टेबलावरून सुटायचा होता.

"कुणाचा आवाज वेगळा पडतो म्हणता?" फरंगीसनं विचारलं.

"तुमचा, खानूम."

"तुम्ही फार तर तिशीचे. क्रांती झाली तेव्हा दहा वर्षांचे असाल. तेव्हापासून मी कुठंही गायलेले नाही. मग तुम्ही ओळखलात कसा?"

तवक्कुलीचे कान लाल झाले. "आई स्वयंपाक करताना तुमची कॅसेट लावायची," तो कागदांकडे बघत म्हणाला. "म्हणून तर सांगतो. मी ओळखला, तर सभागृहातले सगळेच ओळखतील. तो आवाज झाका, नाहीतर काढून टाका. दोन महिने देतो."

फरंगीस बाविसाव्या वर्षी रेडिओवर आली होती. तिचं जर्दाळूच्या झाडाचं गाणं त्या काळी टॅक्सीवाल्यांपासून नव्या नवरीपर्यंत सगळ्यांच्या तोंडी होतं. एकतिसाव्या वर्षी एका कचेरीत बोलावून तिच्याकडून हमीपत्र लिहून घेतलं गेलं, की यापुढे गाणार नाही. बरोबरीच्या बहुतेक जणी देश सोडून गेल्या. तिकडून फोन यायचे, "अगं, ये इकडे, इथं लग्नात गायलीस तरी राणीसारखी राहशील." ही गेली नाही. तेव्हा आई अंथरुणाला खिळलेली होती. आई गेल्यावर तिनं स्वतःलाच विचारून पाहिलं, तर पाय निघेना. मग शिलाई मशीन घेतली आणि ती लोकांच्या खिडक्यांचे पडदे शिवू लागली. पडदे चांगले शिवायची. गिऱ्हाइकं मापं देताना तिच्याकडे टक लावून बघायची, ओळख पटायची आणि न बोलता निघून जायची.

कचेरीच्या पायऱ्या उतरताना मनूचेहर म्हणाला, "मी कार्यक्रमच मोडतो. तुला वगळून मला काही करायचं नाही."

"वीस वर्षं सगळं मोडलेलंच आहे, आगा मनूचेहर. तुम्ही त्यात आणखी काय मोडणार?"

"मग काय, आवाज बारीक करून गाशील?"

"बारीक कशाला? वेगळा पडता कामा नये, एवढंच तो म्हणाला. नाही पडणार. त्या अकराजणींना उद्यापासून माझ्याकडे पाठवा."

दुसऱ्या दिवसापासून त्या येऊ लागल्या. कापडाचे तागे भिंतीला सारून फरंगीसनं त्यांना अर्धगोलात बसवलं. खिडक्या बंद. आळीपाळीनं एकजण रिकामी मशीन चालवायची, म्हणजे खाली राहणाऱ्या हाजीच्या कानावर फक्त तिची घरघर जायची. तो जिन्यात भेटला की म्हणायचा, "खानूम, मोठी ऑर्डर आलेली दिसते."

"हो, हाजी. मोठीच आहे."

ती त्यांना तेच गाणं शिकवत होती, आणि नुसती चाल नव्हे. शब्द कुठं थोडा मागं ओढायचा, मुरकी गळ्यात कुठून उचलायची आणि कुठं सोडून द्यायची, वरच्या सुरावर आवाज जरासा खरबरीत होतो तो तसाच कसा ठेवायचा, हे सगळं ती एकेकीच्या गळ्यावर हात ठेवून शिकवायची. रेडिओवरचे उस्ताद ज्याला तिचा दोष म्हणायचे, तोसुद्धा तिनं शिकवला.

तिसऱ्या आठवड्यात गुलनार अडून बसली. गुलनार तेवीस वर्षांची, दंतवैद्याकडे कामाला होती आणि सगळ्यांत गोड गळ्याची होती. "आम्ही तुमची नक्कल करतोय, खानूम," ती म्हणाली. "आमचा स्वतःचा आवाज कुठं गेला मग?"

मशीन थांबली. आपण असं काही मागतो आहोत, हे फरंगीसच्या आतापर्यंत लक्षातच आलं नव्हतं.

"खरं आहे तुझं," ती म्हणाली. "मी तुमच्याकडून फार मोठी गोष्ट मागते आहे. हे एक गाणं मला द्या. बाकीची सगळी तुमच्या आवाजात गा. तुला आतापासूनच एकेक शिकवते. पण हे माझं मला माझ्यासारखंच ऐकू यायला पाहिजे. नाही म्हणालीस तरी मी रागावणार नाही."

गुलनारनं नाक पुसलं. "मशीन चालवा गं कुणीतरी," ती म्हणाली.

दोन महिन्यांनी तवक्कुलीनं डोळे मिटून नवी टेप ऐकली. पुन्हा ऐकली. शेवटी हेडफोन काढून ठेवला. "यात तुमचा कुठला?"

"तुम्हीच सांगा."

"सगळेच तुमचे वाटतात."

"मग एकही वेगळा पडत नाही ना?"

तो हसला नाही, पण शिक्का उमटवताना त्यानं वेळ लावला नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी चार वाजता त्याचाच फोन सभागृहात आला. वरच्या कुणीतरी कलाकारांची यादी वाचली होती. अकराजणी गाऊ शकतात, फरंगीसनं मंचावर यायचं नाही. "मी प्रयत्न केला, खानूम," तो म्हणाला. त्याचा आवाज खोटा वाटत नव्हता.

अकराजणी काळ्या पोशाखात तयार उभ्या होत्या. गुलनारनं आपली गाण्याची वही मिटली. "मग आम्हीही गात नाही."

"गाणार," फरंगीस म्हणाली. "दोन महिने मी तुम्हाला घरी बसायला शिकवलं नाही. कुणी रडलं तर सूर घशात चिकटेल, आधीच सांगते." तिनं गुलनारचा डोक्यावरचा रुमाल सारखा केला, मनूचेहरच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवला आणि मागच्या दारानं बाहेर पडून पुढच्या दारानं आत आली. चौदाव्या रांगेत एक खुर्ची रिकामी होती.

जर्दाळूचं गाणं सुरू झालं तशी सभागृहात कुजबुज उठली आणि मग एकदम शांत झालं. शेजारची बाई तिच्याकडे झुकली. "हा त्या फरंगीसचा आवाज ना? ती परदेशी गेली म्हणतात."

"नाही," फरंगीस म्हणाली. "इथंच आहे."

कडव्याच्या शेवटी, वरच्या सुराआधी, मंचावर अकराजणींनी एकदम श्वास घेतला. चौदाव्या रांगेत फरंगीसनंही घेतला, आणि ओठ मिटून तसाच धरून ठेवला.