हैदराबादचे टायर

जिंतुरात तेव्हा मोटारी दोनच. एक सरकारी, तिच्यात साहेब बसायचे. दुसरी मन्मथअप्पाची. तिच्यात मन्मथअप्पा बसायचा आणि शेजारच्या जागेवर त्याचा डौल बसायचा. लाल, बुटकी, तारांच्या चाकांची, कापडी टपाची, शर्यतीत पळवायला विलायतेत बनवलेली ती मोटार त्यानं एका जहागीरदाराच्या पोराकडून जुनी घेतली होती. दोन माणसं बसली की भरली. सरकीचा व्यापार करणाऱ्या, घरात नऊ खाती तोंडं असलेल्या गृहस्थानं असली मोटार का घ्यावी, हे मला विचारू नका. हौसेला मोल नसतं म्हणतात, ते काही उगाच नाही.

घरचे कर्ते होते त्याचे चुलते, ईश्वरअप्पा. कपाळी भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, आणि जिभेवर काटा. "ह्या डबीत सरकीचं एक पोतं तरी मावतंय का?" असं त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, आणि नंतर मोटारीकडं बघणं सोडून दिलं.

मग दुसऱ्या मोठ्या लढाईच्या चौथ्या वर्षी मठाचे शिवाचार्य महाराज गावात यायचं ठरलं. परभणीच्या स्टेशनावरून त्यांना बैलांच्या दमणीत बसवून आणायचं म्हणजे आख्खा दिवस जायचा. मन्मथअप्पा पंगतीत सगळ्यांसमोर बोलून गेला, "मी मोटारीनं आणतो. दोन तासांत."

ईश्वरअप्पांनी हातातला घास तसाच ठेवला. "आण. पण वाटंत बसली तर परत ह्या दारात ती आणू नको. आन महाराजाला घेऊन नीट आली, तर मी पुन्हा तिच्या नावानं ब्र काढणार न्हाई."

झालं. आता मोटारीची अब्रू ती आपली अब्रू असं होऊन बसलं. आणि मोटारीचे मागचे दोन्ही टायर तर टकलासारखे गुळगुळीत झालेले. लढाईमुळं रबर सगळं फौजेला चाललेलं, टायर म्हणजे दिवसाढवळ्या चांदणं शोधण्यातला प्रकार. काकांनी निजामाच्या नाण्यातले साठ हाली रुपये हातावर ठेवले आणि सांगितलं, ह्याच्यावर एक पैसा मिळणार नाही.

परभणीला स्टेशनाजवळ बन्सीधरचं टायरांचं दुकान होतं. बन्सीधरनं आधी कागदात गुंडाळलेला एक कोरा टायर काढून दाखवला. साठ रुपयांत तो एकच येत होता, आणि चाकं तर दोन उघडी पडलेली. मग लॉरीचे जाडजूड टायर दाखवले, ते ह्या बारीक चाकांवर चढणार कसे? शेवटी आतल्या खोलीतून त्यानं दोन जोड्या आणल्या. एक जोडी अर्धी झिजलेली, तिच्यातल्या एका टायराला कडेनं ठिगळ लावलेलं. "हे दिसायला बरं न्हाई, पन चालतंय," बन्सीधर म्हणाला. दुसरी जोडी काळीभोर, खोल खोल नक्षीची, हात लावला तर बोट आत जावं अशी. दाम दोन्ही जोड्यांचा सारखाच, साठ रुपये.

मन्मथअप्पानं ठिगळाच्या जोडीकडं नीट बघितलंसुद्धा नाही. महाराज यायचे, सारं गाव वेशीत उभं राहायचं, आणि चाकाला ठिगळ? दुकानाच्या पायरीवर लॉरीचा एक म्हातारा ड्रायव्हर बिडी ओढत बसला होता. त्याला एका शब्दानं विचारलं असतं तर पुढचं रामायण टळलं असतं. पण मोटारीच्या मालकानं ड्रायव्हरला अक्कल विचारायची म्हणजे कमीपणा. त्यानं नक्षीची जोडी घेतली, चढवली आणि भोंगा वाजवत निघाला.

वाटेतल्या बोरी गावापर्यंत ठीक होतं. जिंतूर दोन मैलांवर आलं आणि मागून फटफट आवाज यायला लागला. उतरून बघतो तर नक्षीचा तुकडा सोलून लोंबत होता आणि खालून टायराचं कापड दात विचकत होतं. दुसऱ्या टायराचीही तीच कथा. पैसे संपले, चार दिवस उरले, आणि घरी सांगायची सोय नाही. मोटार हळूहळू चालवत त्यानं वेशीबाहेरच्या लिंबाखाली आणून उभी केली. तिथं सटवाजी चांभार बसायचा. साऱ्या जिंतुराचे जोडे त्याच्या हाताखालून जायचे.

सटवाजीनं टायर मांडीवर घेतला, अंगठा फिरवला, आणि मान हलवली.

"अप्पा, ही नक्षी साच्यातली न्हाई. कोरल्याली हाय. झिजल्याल्या टायरावर रापीनं खाचा पाडल्यात. जितं खाच, तितं रबरच संपलं."

"तुला काय कळतं त्यातलं?"

"मी जोड्याचे तळवे कोरतो की. हातानं पाडल्याल्या दोन खाचा कदी सारक्या येत न्हाईत. हे बगा."

मन्मथअप्पानं बघितलं. खरंच एकही खाच दुसरीसारखी नव्हती. साठ रुपये देताना त्याला ते दिसलं नव्हतं, आणि ह्या माणसाला नुसत्या अंगठ्यानं कळलं. त्याची कानशिलं तापली.

"आतून म्हशीच्या कातड्याचं अस्तर देतो," सटवाजी म्हणाला. "कापडाला धरून शिवतो. ट्यूबला गाठी बोचू नयेत म्हनून वरून शेळीचं मऊ कातडं. जाऊन येऊन परभणी व्हईल, त्याच्यापुढचं मी सांगत न्हाई."

चामडं म्हटल्यावर मन्मथअप्पा थबकला. महाराजांच्या बैठकीखाली चामडं, आणि शिवणारा सटवाजी. काकांना कळलं तर? पण अडला हरी, काय करणार. "बाहेरून दिसणार नाही ना?" एवढंच त्यानं विचारलं.

तीन दिवस सटवाजी आणि त्याची बायको धुरपताबाई दोघं त्याच्यावर बसली. ती दोऱ्याला मेण लावायची, तो आरीनं भोक पाडून टाका ओढायचा. टाके असे की सोनारानं मोजून घ्यावेत. मजुरी विचारली तर सटवाजीनं आरी खाली ठेवली.

"पैसे नको, अप्पा. महाराज बसणार हायत ना ह्याच्यावर? त्यास्नी एवडं सांगा, हे काम जिंतूरच्या सटवाजीनं केलं. माजा बाप जलमभर जोडे शिवून मेला, त्याचं नाव कोन्या मोठ्या मानसापुडं कोनी काडलं न्हाई. माजं तुमी काडा."

"काढतो. दिली जबान," मन्मथअप्पा म्हणाला. आणि खोटं कशाला सांगू, त्या घडीला त्याच्या मनातही तेच होतं. घरी गेल्यावर मात्र त्यानं काजळ आणि तेल खलून बाहेरचे टाके काळे केले. कुणाला दिसू नयेत म्हणून.

परभणीच्या स्टेशनावर महाराज आगगाडीतून उतरले. उंच, बोलके, हसरे गृहस्थ. मोटार बघून लहान मुलासारखे खूष झाले. सत्तावीस मैल वारा खात आले आणि टायरांनी एकदाही कुरकुर केली नाही. दोन तासांच्या आतच मोटार वेशीत हजर. हलगी, ओवाळणी, फुलं, सारं झालं. ईश्वरअप्पा पादपूजेचं ताट घेऊन पुढं आले, आणि जन्मात पहिल्यांदा त्यांनी मोटारीच्या टपावर हात ठेवला. मन्मथअप्पाची छाती भरून आली.

तेवढ्यात महाराजांनी चाकाकडं बघितलं. "मन्मथ, आमच्या मठाची मोटार टायरांवाचून सहा महिने उभी आहे. कुठं मिळत नाहीत म्हणतात. तू कसा काय इंतजाम केलास?"

गर्दीच्या कडेला सटवाजी उभा होता. धुतलेला फेटा बांधून, धुरपताबाईला घेऊन आला होता. मन्मथअप्पाला दोघंही दिसली. आणि काकाही दिसले, कपाळावरचं भस्म दिसलं, टपावर ठेवलेला हात दिसला. ह्या सगळ्यांसमोर चामडं हा शब्द काढायचा कसा?

"हैदराबादहून आणवले, महाराज," तो म्हणाला.

"नशीबवान आहेस," महाराज म्हणाले आणि लोकांच्या घोळक्यातून पुढं गेले. धुरपताबाईनं नवऱ्याच्या तोंडाकडं बघितलं. सटवाजीनं फेटा उगाच जरा सारखा केला आणि बाजूला सरून वाट दिली.

त्या दिवशी पंगतीत पुरणपोळी होती. मन्मथअप्पानं ती ताटात बाजूला सारली. बायकोला, उमादेवीला, सगळं ठाऊक होतं. तिनं वाढता वाढता हळूच विचारलं, "सटवाजीचं नाव सांगितलं का?"

"सांगतो."

"कधी? महाराज परवा जाणार. गरज सरो, वैद्य मरो, असं करू नका. त्यानं तीन दिवस डोळे फोडलेत."

दुपारी तो वेशीकडं निघाला. सटवाजीला सांगावं, चुकलो म्हणावं, संध्याकाळच्या आत महाराजांच्या कानावर घालतो म्हणावं, असं घोकत गेला. लांबून लिंबाखाली सटवाजी दिसला. कुणाच्या तरी चपलेला अंगठा लावत बसला होता, नेहमीसारखा. मन्मथअप्पाचे पाय तिथंच थांबले. ज्या माणसानं आपल्याला तारलं, त्याच्यासमोर जायची लाज वाटावी, ह्याच्याइतकी हलकी गोष्ट दुसरी नाही. तो शेजारच्या बोळातून घरी परत आला. दुसऱ्या दिवशीही गेला नाही. सांगायचं काय अवघड होतं? काहीच नाही. पण एकदा तोंडातून गेलेलं खोटं गिळायला फार मोठं तोंड लागतं, आणि तेवढं त्याला नव्हतं.

निघायच्या सकाळी महाराज मोटारीत बसले. सगळं गाव पोचवायला आलेलं. मन्मथअप्पानं सवयीनं चाकांवर नजर टाकली आणि तो खाली वाकला. डाव्या टायराचा टाका उसवला होता, आणि भेगेतून ट्यूब आंब्याएवढी बाहेर फुगली होती. आगगाडीला साडेतीन तास.

"कुनाला बोलवायचं आता?" ईश्वरअप्पा म्हणाले.

मन्मथअप्पा स्वतःच वेशीकडं गेला. आता तोंड लपवायला बोळही नव्हता. "सटवाजी, चल जरा. टाका उसवलाय," एवढंच तो बोलला, आणि तेही सटवाजीच्या पायांकडं बघत. सटवाजीनं आरी, दोरा, कातड्याचा तुकडा घेतला आणि मागून चालायला लागला. धुरपताबाईही निघाली.

गावासमोर सटवाजी मातीत बसला. चाक काढलं, टायर उलटला, आतलं अस्तर उघडं केलं. गर्दीत कुजबुज सुरू झाली. ज्यांना कळायचं त्यांना ते कळलं होतं. ईश्वरअप्पांची नजर चामड्यावर खिळली होती. मन्मथअप्पा वाट बघत होता, आता वीज पडेल म्हणून.

महाराज खाली उतरले, जवळ आले आणि वाकून बघायला लागले.

"चामड्याचं अस्तर? नामी युक्ती आहे. आणि टाके तर बघा, मोती ओवल्यासारखे. हे टायर तूच शिवलेस का?"

"व्हय, महाराज."

म्हणजे ज्या भीतीपायी जबान मोडली, ती भीतीच पोकळ निघाली. महाराजांना चामड्याचं काहीच नव्हतं. मन्मथअप्पाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"कुठला रे तू?" महाराजांनी विचारलं.

सटवाजीनं मान वर केली आणि मन्मथअप्पाकडं बघितलं. रागानं नाही, नुसतं बघितलं. सांगायला जागा करून दिली. हा आमच्या वेशीतला सटवाजी, एवढंच बोलायचं होतं. मन्मथअप्पानं ओठ उघडले, काकांकडं बघितलं, आणि ओठ मिटले.

सटवाजीनं खाली बघून दोरा ओढला.

"मी हैदराबादचा हाय, महाराज," तो म्हणाला.

कुणीतरी फिसकन हसलं आणि हसू दाबलं. तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या पायातला जोडा त्याच माणसानं शिवलेला होता. धुरपताबाईनं पदर तोंडावर घेतला. ईश्वरअप्पांनी सटवाजीकडं बघितलंच नाही. ते पुतण्याकडं बघत राहिले, आणि मग त्यांनी मान खाली घातली. काकांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मन्मथअप्पाला वाटलं.

"तरीच," महाराज म्हणाले. "म्हटलं, इकडच्या भागात असा हात कुठून येणार?"

"खरं हाय, महाराज," सटवाजी म्हणाला. त्यानं शेवटची गाठ मारली, दोरा दातानं तोडला, चाक चढवून दिलं, आणि हत्यारं गोळा करून लिंबाकडं निघून गेला.

मोटार वेशीबाहेर पडली. लिंब मागं गेला, झाडाकडं बघायचं मन्मथअप्पानं टाळलं. मैलभर अंतर गेलं. मग महाराज म्हणाले, "मन्मथ, त्या कारागिराचं नाव आणि हैदराबादचा पत्ता मला लिहून दे. मठाच्या मोटारीचं काम त्यालाच देऊ. वर्षभराचं पोट निघेल त्याचं."

रस्त्यावर खड्डा होता. मन्मथअप्पानं मोटार सांभाळून कडेनं काढली.

"देतो," तो म्हणाला.