डाव्या वळणाचा दिवा

१९८१ साली जयसिंगपुरात मोटारसायकलीचा वळणाचा दिवा लुकलुकला, की त्या बाजूला रस्ता तयार होऊ लागला. तिथे आधी काय आहे याला महत्त्व नव्हतं. तंबाखूच्या वखारीची भिंत असो की डॉक्टरांचा दवाखाना, तिथे गल्ली असायची, डांबरी, दोन्ही कडांना गटार असलेली. वळणारा वळून जायचा. दिवा बंद झाला की गल्ली नसायची. गावातल्या गल्ल्यांना नावं नव्हती, नंबर होते. त्यामुळे आठवी आणि नववीच्या मधे निघणाऱ्या गल्लीला काय म्हणायचं, एवढीच अडचण होती. पोस्टमनने तिला साडेआठवी म्हणायला सुरुवात केली आणि तीही मिटली.

धोका एकच होता. उदगावच्या एका दूधवाल्याचा बल्ब वळता वळताच गेला. त्याची एक किटली दवाखान्याच्या भिंतीतून अर्धी बाहेर आलेली सापडली. दूध नासलं नव्हतं. दूधवाला सापडला नाही. लोकांनी तेव्हापासून चांगल्या प्रतीचे बल्ब घ्यायला सुरुवात केली.

हे दिवे बसवायचं काम मगदुमांकडे चाले. दुकानाच्या पाटीवर भूपाल मगदूम असं नाव होतं, पण भूपालला तांबडी आणि हिरवी वायर सारखीच दिसायची. लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात त्रिशलाच्या ते लक्षात आलं. तेव्हापासून गाडी तो उघडायचा आणि वायरी ती जोडायची. जुन्या गाड्यांना दिव्यांची सोयच नसे. हँडलच्या डाव्या बाजूला नवा स्विच बसवायचा, टाकीखालून वायरी मागे न्यायच्या, टिकटिक करणारी फ्लॅशरची डबी सीटखाली अडकवायची, आणि अर्थिंग धरावं म्हणून दांडीवरचा रंग पत्र्यापर्यंत खरवडायचा. रंग खरवडायचा आळस केला तर दिवा लागत नाही, हे त्रिशला प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायची. शेवटी एक बझर. दिवा चालू असेतोवर तो चिमणीसारखा ओरडत राही, म्हणजे वळण संपल्यावर स्विच बंद करायचं भान राहायचं.

भूपालच्या स्वतःच्या गाडीला मात्र दिवे नव्हते. सहा व्होल्टची जुनी मोटारसायकल होती ती. तिच्यावर त्रिशला अकरा वर्षं मागे एका अंगाला बसत आली होती आणि डावीकडे वळायचं असलं की तीच डावा हात बाहेर काढायची. हाताने रस्ता तयार होत नसे. जो असेल तो दाखवला जाई. वळण पुरं झालं की ती हात आत घ्यायची, आणि तिचा भार किंचित सरकला की भूपाल हँडल सरळ करायचा. वळण कुठे संपतं ते त्याने कधी पाहिलं नव्हतं. पाहायची गरज पडली नव्हती.

सुट्या भागांचे दुकानदार बाबालाल मुल्ला रोज चहाला यायचे. दिवेवाल्याच्याच गाडीला दिवे नाहीत, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे. भूपालशेठचा दिवा मागं लुगडं नेसून बसतो, असंही म्हणायचे. भूपाल हसायचा. श्रावणात एका गिऱ्हाइकाने तेच विचारलं, तेव्हा तो हसला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने गाडी आत घेतली.

त्रिशलाने दुपारपर्यंत काम संपवलं. बझर जोडायला घेतला तेव्हा भूपाल म्हणाला, "ते नको. दिवसभर ऐकून कान किटलेत. मला काय कळत नाही व्हय, कधी बंद करायचं ते?"

तिने बझरच्या वायरीचं टोक चिकटपट्टीने गुंडाळलं आणि टाकीखाली सारलं. शेवटचा स्क्रू आवळताना तिचा डावा हात कोपरापर्यंत बधिर झाला. दुखलं नाही. नुसता हात कळेनासा झाला. भूपाल म्हणाला, अवघडला असेल. विधवा होऊन माहेरी आलेली नणंद, विमलाक्का, म्हणाली की तेल लाव, आणि लावायला स्वतःच बसली. तेल कुठे लागतंय ते त्रिशलाला कळत नव्हतं.

भूपाल एकटाच गाडी बघून येतो म्हणून निघाला. वखारीजवळ त्याने डावा दिवा लावला. गल्ली झाली, तो वळला. त्रिशला दारात उभी होती. टिकटिक लांब गेली, पण थांबली नाही. तेव्हाच तिला कळलं. त्याने वळण सुरू केलं होतं. ते संपवायचं काम त्याचं कधी नव्हतंच.

तीन वाजता तो घरावरून गेला, उजवीकडून डावीकडे, गाडी डावीकडे कललेली.

"जेवण?" त्याने विचारलं.

"झाकून ठेवलंय."

"आलोच. एवढं वळलो की आलोच."

दुसऱ्या दिवशी तो चार वेळा गेला. तिसऱ्या दिवशी अकरा वेळा. त्याचं वर्तुळ आधी सगळ्या गावाभोवती होतं, मग सहावी ते दहावी गल्ली, मग घरामागचा बोळ. त्रिशला दर वेळी त्याला स्विच बंद करायला सांगायची. तो म्हणायचा, वळण संपल्यावर करतो, मधेच कसा करू. यात त्याचं काही चुकत नव्हतं. मधेच दिवा गेला की काय होतं ते दोघांनी पाहिलेलं होतं. पेट्रोलची काळजी नव्हती. तो एकाच वळणात होता, म्हणून पेट्रोलही एकाच वळणाचं जळत होतं.

बाबालाल येऊन बसले. त्यांनी चहा घेतला नाही.

"वायर कापू या का, वहिनी?"

"मग ते कशावर उभे राहतील?"

बाबालालनी दवाखान्याच्या भिंतीकडे पाहिलं. निघताना त्यांनी सहा व्होल्टचे तीन नवे बल्ब ठेवले. चालत्या दिव्यात ते बसवता येणार नाहीत, हे त्यांनाही माहीत होतं.

गणपती येऊन गेले. रस्ता घरात शिरला. परसदारातून येऊन स्वयंपाकघरातून जायचा आणि पुढच्या दारातून निघायचा. विमलाक्का पाण्याला जाताना दोन्हीकडे बघून तो ओलांडायची. तिची भावाबद्दल तक्रार नव्हती. एवढंच म्हणायची की घरात डांबर आलं, आता सारवायचं कुठे. भाकरी एकाच अंगाने फुगू लागली. भांडी मांडणीच्या डाव्या टोकाला जमायची. भूपाल जाता जाता त्रिशलाच्या हातातला घास घ्यायचा आणि पुढच्या फेरीला पाणी प्यायचा. त्याची दाढी वाढली नव्हती. तिचा हात खांद्यापर्यंत बधिर झाला होता.

दसऱ्याच्या सुमाराला वर्तुळ माजघराएवढं झालं. मध्ये त्रिशला बसून असायची, कारण बाहेर पडायला जागा नव्हती. तिथून तिने पाहिलं की दिव्याचा पिवळा रंग तांबडा झाला आहे आणि तो लुकलुकताना जास्त वेळ मिटून राहतो आहे.

"बल्ब चाललाय," ती म्हणाली.

"कसला रंग दिसतोय?"

"तांबडा."

"मला हिरवा वाटला," भूपाल म्हणाला. तेवढ्यात त्याची एक फेरी झाली.

तिने पदर खोचला. पुढच्या फेरीला गाडी जवळ आली तशी ती मागे एका अंगाला बसली, अकरा वर्षं बसत होती तशी. गाडी ओळखीने जरा दबली. तिने उजव्या हाताने स्वतःचा डावा हात उचलला आणि बाहेर काढला. तो बाहेर आहे की नाही हे तिला डोळ्यांनी बघावं लागलं. होता.

तेवढ्यात बल्ब गेला. टिकटिक थांबली. डांबर गेलं, आणि चाकांखाली माजघराची फरशी होती, कारण हात जे असेल तेच दाखवतो. गाडी फरशीवरून वळतच राहिली.

"आता घे आत," भूपाल म्हणाला.

तिने उजव्या हाताने डावा हात ओढून मांडीवर घेतला. भार सरकला. भूपालने हँडल सरळ केलं, गाडी उंबऱ्याला लागली आणि बंद पडली. विमलाक्काने ताट वाढलं. भूपाल दोन भाकरी जास्त जेवला.

त्यानंतर गावात दिव्यांनी रस्ते तयार होणं बंद झालं. कधी ते नक्की कुणाला सांगता आलं नाही. बाबालाल मुल्लांनी सुट्या भागांचं दुकान मोडून मिरजेला जावयाजवळ बिऱ्हाड केलं आणि तिथेच ते वारले. दूधवाल्याची किटली दवाखान्याच्या नव्या बांधकामात निघाली, ती त्याच्या घरी पोचवण्यात आली. विमलाक्का नव्वद वर्षांची होऊन गेली. शेवटपर्यंत माजघर ओलांडताना ती दोन्हीकडे बघायची.

त्रिशलाचा हात परत आला नाही. लक्ष नसलं की तो आपोआप बाहेर जायचा आणि समोरून येणारं माणूस डावीकडे वळायचं. एकदा एक वरात वळली. म्हणून ती तो पदराच्या टोकाने कमरेशी बांधून ठेवू लागली. रोज सकाळी भूपाल गाठ बघायचा आणि घट्ट आहे म्हणून सांगायचा. हे तेवीस वर्षं चाललं.

२००४ साली पौषात भूपाल झोपेतच गेला. तिरडी उचलायच्या आधी भावकीतल्या बायका त्रिशलाजवळ आल्या. कुंकू पुसलं. मग बांगड्या काढायच्या म्हणून त्यांनी पदराची गाठ सोडली, डावा हात धरून बाहेर ताणला आणि काचेच्या सहाही बांगड्या एकेक करून उतरवल्या. बायका रडत होत्या. मग त्या बाजूला झाल्या. हात आत घ्यायला हवा हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

तिला उंबऱ्यात उभं केलं. चौघांनी तिरडी खांद्यावर घेतली. स्मशान उजवीकडे होतं. चौघांनी तिच्याकडे पाहिलं आणि ते डावीकडे वळले.

पावलांचा आवाज आधी डावीकडून आला, मग परसातून, मग उजवीकडून. त्रिशलाने उजव्या हाताने डावा हात धरला आणि आत ओढला. तो आत आला की नाही, ते तिला कळलं नाही. विचारावं म्हणून तिने समोर पाहिलं. भूपाल वळत होता.