दोघांची खुर्ची

“काका, याला लव्हसीट म्हणतात. शंभर वर्षांची आहे,” गार्गी सांगत होती, आणि तोवर मी डाव्या बैठकीची जुनी वीण कापून मोकळाही झालो होतो.

म्हणोत बापडे. आमच्या कार्यशाळेत तिला दोघांची खुर्ची म्हणायचे. एकच पाठ, दोन टोकांना दोन हात, आणि मध्ये आडवं लाकूड घालून केलेल्या वेताच्या दोन वेगळ्या बैठका. मुलुंडच्या या घरातली खुर्ची शिसवी होती, थंड आणि जड. कोरीव कामात साठलेली धूळ बोटांना लागत होती.

माझं नाव चंद्रप्रकाश. हे नाव आत्यानं बारशाला ठेवलं. मला दिसत नाही हे घरच्यांना दोन महिन्यांनी कळलं. तोवर घुगऱ्या वाटून झाल्या होत्या. चौतीस वर्षं मी सरकारी कचेरीत खुर्च्या विणल्या. साहेबांच्या खुर्च्यांना फोम आणि चाकं आली तसं काम आटलं, पण नोकरी पक्की होती. आता भांडुपला भावाकडे राहतो आणि कोणी बोलावलं तर विणायला जातो.

आम्हा आंधळ्या कारागिरांचा पहिला नियम असा की जुन्या विणीला हात लावायचा नाही. आधी कडेनं सुरी फिरवून जाळी पाडायची, मग लाकूड चाचपायचं. सुकलेल्या वेताचं कुसळ बोटात मोडलं की आठ दिवस ते बोट कामातून जातं, आणि आमचं सगळं बघणं बोटांनीच. म्हणून मी हात न लावता कापली. मग गार्गीनं आणि मी मिळून खुर्ची पालथी घातली आणि मी भोकांत अडकलेली टोकं काढायला बसलो. तिसऱ्या भोकाशी माझा हात थांबला.

टोकाला दुहेरी गाठ होती. पुढच्या भोकालाही, त्याच्या पुढच्यालाही.

वेताचं टोक खालून एकदा गुंडाळतात. सगळे तेवढंच करतात, कारण तेवढं पुरतं. दोनदा गुंडाळणारं माणूस मला एकच माहीत होतं. कार्यशाळेतले मास्तर ओरडायचे, “वेत काय बापाचा आहे?” तर ती म्हणायची, “एक सुटली तर दुसरी असू दे की.”

“काका, बरं वाटत नाहीये का? पाणी आणू?”

“ही विणली कोणी होती?”

“सासूबाईंनी करून घेतली होती, त्या असताना. मी नवीनच होते या घरात. वाकोल्याहून एक बाई यायच्या, भाचीला घेऊन. त्यांनापण...” ती अडखळली.

“दिसत नव्हतं,” मी म्हणालो. “शेवंती.”

“हां, शेवंतीमावशी! तुम्ही ओळखता?”

मी हो म्हणालो. दुसरं काय सांगणार?

नोकरीआधी मी अंधांच्या कार्यशाळेत होतो. तिथं अशी खुर्ची आली की मास्तर आम्हा दोघांना समोरासमोर बसवायचे. एक बैठक तिची, एक माझी. भिजवलेल्या वेताची बादली मध्ये. वेत उचलताना बादलीत तिचा हात लागला की मी मुद्दाम उशीर करायचो, आणि खोटं कशाला बोलू, तीही करायची. दोन वर्षांनी मी विचारलं. ती म्हणाली, “आधी घरी सांगून ये. मग मी हो म्हणते.” तो शनिवार होता. सोमवारी येऊन सांगतो, असं म्हणून मी निघालो.

आईनं पहिल्यांदा शेवंतीचं आडनाव विचारलं. ते ऐकल्यावर म्हणाली, “दोघांय आंधळी! मगे चूल कोण पेटयतलो?” आडनाव कळेपर्यंत तिला चुलीची काळजी नव्हती. चोवीस वर्षांचा घोडा होतो मी, सगळं समजत होतं. पण वडिलांची गिरणी संपात गेलेली, घर आईच्या खाणावळीवर चाललेलं, मी मुकाट्यानं जेवून उठलो. सोमवारी मी कार्यशाळेत गेलो नाही. त्याच आठवड्यात नोकरीचं पत्र आलं, मग नंतरही कधी गेलो नाही. नकार देतानाही माणूस समोर जाऊन देतो. मी तेवढंही केलं नाही, आणि याची मला आजही लाज वाटते.

खुर्ची पुन्हा सरळ केल्यावर नियम मोडून मी उजव्या बैठकीवरून तळहात फिरवला. शेवंतीची ही वीण अजून जागेवर होती. भोकं अगदी एकसारखी, पदर गुळगुळीत. फक्त मध्ये पोट आलं होतं आणि पुढच्या कडेला तीन पदर तुटले होते.

“ही राहू दे,” मी म्हणालो. “चांगली आहे.”

धंद्यात मी कधी असं खोटं बोललो नव्हतो.

“पण काका, एक नवी न् एक जुनी कसं दिसेल? आणि रविवारी बाबांची पंचाहत्तरी आहे, त्यांना यावरच बसवायचंय. तुटली म्हणजे?” माझा चेहरा तिला काय सांगत होता कोण जाणे, कारण तिचा आवाज उतरला. “सासूबाईंच्या वहीत मावशींचा नंबर असेल. त्यांनाच विचारू या का? लावू?”

नको म्हणायला तोंड उघडलं आणि मी लावा म्हणालो. एक वाक्य होतं माझ्याजवळ. बसच्या रांगेत, कचेरीत, आईच्या तेराव्यालासुद्धा मी ते मनात घोकलं होतं. शेवंती, मी भ्यालो, माझं चुकलं. एवढंच बोलायचं होतं.

घंटा वाजू लागल्यावर गार्गीनं फोन माझ्या हातात दिला आणि ती स्वयंपाकघरात गेली. शहाणी मुलगी.

“कोण?”

आवाज जाड झाला होता, पण ‘कोण’ म्हणायची ऐट तीच.

“मी मुलुंडहून बोलतोय. इथं एक दोघांची खुर्ची आहे. तुम्ही विणलेली.”

पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

“चंदू,” ती म्हणाली. विचारलं नाही, सांगितलंच.

“हो.”

“उजाडला वाटतं तुझा सोमवार.”

तेव्हाच बोलायला हवं होतं. तिनं दार उघडून दिलं होतं.

“तुझी एक बाजू मी कापली गं,” मी म्हणालो. “हात न लावता. मला माहीत नव्हतं.”

“मग काय झालं? तसंच शिकवलंय आपल्याला. दुसरी कशी आहे?”

“पुढून सुटतेय.”

“मग तीपण काप ना. बारा वर्षं झाली तिला. म्हाताऱ्या माणसाला पाडशील कुणाला तरी.”

“तू ये की विणायला. एक बाजू तू, एक मी.”

“वेडा आहेस का? साखरेनं बोटं गेली माझी. पार बधिर. तांदूळ कुठला न् डाळ कुठली कळत नाही हाताला.”

“मग मी येतो भेटायला.”

“कशाला रे?” ती रागावली नव्हती. “तेव्हा बादलीत नुसतं बोट लागलं तरी कळायचं, हा चंदू. आता येऊन हात हातात दिलास तरी नाही कळायचं मला.”

मी फोन घट्ट धरून बसलो. ती थांबली होती, माझ्यासाठी थांबली होती, आणि तिचा श्वास मला ऐकू येत होता.

“अजून काय?” शेवटी तिनंच विचारलं.

“काही नाही. वेत कुठून आणायचीस तू? हल्लीचा फार तुटतो.”

“आता नाही लक्षात,” ती म्हणाली. “ठेवते. भात करपेल.”

गार्गी बाहेर आली. “काय म्हणाल्या?”

“काप म्हणाली.”

मी कापली. चारही कडांनी सुरी फिरवली आणि जाळी अख्खीच्या अख्खी खाली आली. गार्गीनं ती उचलून धरली असावी.

“किती सुरेख विणलंय ना,” ती म्हणाली. “काका, तुम्हाला हवीये का ही? की सुक्या कचऱ्यात टाकू?”

“टाका,” मी म्हणालो.

पिशवीत मावेना म्हणून ती जाळी दुमडायला लागली. वेत मोडत होता. मी बादली जवळ ओढली आणि नवा वेत भिजत घातला.