सुयांच्या दवाखान्यातला पलंग

मी एक जुना पलंग आहे. घरातला नव्हे, दवाखान्यातला. पाथरीच्या बसस्थानकामागच्या गल्लीत विजयमालाताईंचा दोन खोल्यांचा दवाखाना आहे. त्यातल्या आतल्या खोलीत, खिडकीला लागून मी उभा असतो. ताई अ‍ॅक्युपंक्चर करतात, म्हणजे केसासारख्या बारीक सुया अंगावरच्या ठरावीक जागी टोचून उपचार करतात. हा शब्द इकडे कुणाच्या तोंडात बसत नाही. सगळे ‘सुयांचा दवाखाना’ म्हणतात आणि मला ‘सुयांचा पलंग’. मित्रांनो, माणसांना अंगावर घेणं एवढंच माझं काम. पण ते करताना कानावर जे पडलं, ते आज तुम्हाला सांगतो आहे. कारण ते माझ्या मनाला अजून टोचतं.

माझा जन्म परभणीतल्या एका वेल्डिंगच्या दुकानात झाला. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, वर प्लायवूड, त्यावर स्पंज आणि हिरवंगार रेक्झिन. बाजूला धरायला एक कठडा आणि चढायला पायरी. तिथून मी एका बाळंतपणाच्या दवाखान्यात गेलो. पोटुशी बाई कठडा धरून हळूच माझ्यावर चढायची, डॉक्टरीणबाई पोटाला यंत्र लावायच्या आणि बाळाच्या काळजाचे ठोके खोलीभर घुमायचे. तिथली आया मला रोज फिनेलच्या फडक्याने पुसायची आणि म्हणायची, “लय गुणाचा बेड हाय ह्यो!” मी फुगून जायचो. मला वाटायचं, आनंदाच्या बातम्या आणतो तो मीच.

मूल होत नाही म्हणून तपासायला आलेल्या बायाही माझ्यावर झोपत. त्या भिंतीकडे तोंड करून पडत. त्या लवकर उतराव्यात आणि पुढची पोटुशी बाई यावी, असं मला वाटे. आज त्याची लाज वाटते.

पुढे तिथे बटणावर वर-खाली होणारा नवा बेड आला. मला मागच्या व्हरांड्यात ढकललं. माझ्यावर मोडक्या खुर्च्या रचल्या, उन्हाने रेक्झिन तडकलं, स्पंज बाहेर आला. आया वाटेने जायची, पण माझ्याकडे बघायचीही नाही. भंगारवाला येऊन मला दोनदा चाचपून गेला होता. तेवढ्यात विजयमालाताई आल्या. त्यांनी कठडा हलवून पाहिला आणि म्हणाल्या, “हाड मजबूत आहे याचं.” टेम्पोत बसून मी पाथरीला आलो. ताईंनी तपकिरी रेक्झिन चढवलं आणि मी पुन्हा कामाला लागलो.

सुरुवातीला सगळी कंबर-गुडघ्यांची माणसं येत. ऊस तोडून वाकलेल्या बाया, एसटीचे ड्रायव्हर, शिवणकाम करणारे. हळूहळू मूल नसलेली जोडपीही येऊ लागली. ताई प्रत्येकाला आधीच सांगत, “मूल होईलच असा शब्द मी देणार नाही. सुयांनी मन शांत होतं, झोप लागते, काही जणींना पाळीच्या त्रासात बरं वाटतं. पण आधी दोघांनी मोठ्या डॉक्टरांकडे तपासून घ्या. तिकडचे उपचार सोडायचे नाहीत.” हे ऐकून काही जण परत फिरत. ताई त्यांना थांबवत नसत.

एका सकाळी केशरबाई आपल्या सुनेला घेऊन आल्या. सुनेचं नाव शिवकन्या. जवळच्याच एका खेड्यातलं शेतकरी घर. केशरबाईंचा आवाज मोठा, पदर खोचलेला. शिवकन्या बारीक अंगाची. चढताना कठड्यालासुद्धा धक्का लागू नये अशी जपून चढली.

“सहा वर्सं झाली लग्नाला, ताई. कूस काही उजवंना हिची,” केशरबाई म्हणाल्या.

“तपासण्या झाल्यात?”

“हिच्या समद्या झाल्या. डॉक्टर म्हणतेत, काही दोष न्हाई.”

“आणि यांच्या मालकांच्या?”

“आदिनाथच्या? त्याला काय झालंय? चांगला धडधाकट हाय माझा लेक.”

ताईंनी नेहमीसारखंच पुढे विचारलं, “लहानपणी त्यांना काही मोठा आजार? टायफॉईड, गालगुंड वगैरे?”

केशरबाईंचा हात माझ्या कठड्यावर होता. तो एकदम आवळला गेला. नळीला घाम लागला.

“न्हाई,” त्या म्हणाल्या.

ताई लिहून घेत होत्या, त्यांना हात दिसला नाही. शिवकन्येचे डोळे मिटलेले होते. कळलं ते फक्त मला. ‘न्हाई’ म्हणायला एवढं बळ लागत नाही, हे लोखंडालाही समजतं.

त्यानंतर दर आठवड्याला सासू-सून जीपने येऊ लागल्या. ताई प्रत्येक वेळी म्हणत, “आदिनाथला आणा,” आणि केशरबाई म्हणत, “रानात काम हाय.” मग ताईंनीही म्हणणं सोडून दिलं. शिवकन्येच्या पायांत, पोटावर, मनगटांत सुया लागत. त्या फार दुखत नाहीत, पण लागल्यावर हलायचं नसतं. ती मुळीच हलायची नाही.

“ताई, घरी डोळाच लागत न्हाई मला,” ती एकदा म्हणाली. “हितं आडवं झालं की झोप येते.”

“घरी काय होतं?”

“परवा जावेचं डोहाळजेवण होतं. मी वटी भराया उठले तर आत्याबाई म्हणल्या, तू चूल बघ.” तिने डोळे मिटले. “मी सैपाक चांगला केला, ताई. समद्यांनी नाव काढलं.”

तिच्या डोळ्यांतलं पाणी कानामागून माझ्या रेक्झिनवर उतरलं. दाराबाहेरच्या बाकावर केशरबाई बसल्या होत्या. दार उघडंच होतं.

दिवस जात होते तसा केशरबाईंचा आवाज बारीक होत गेला. मग एक दिवस त्या एकट्याच आल्या. “माझे गुडघे बघा,” म्हणत माझ्यावर चढल्या. ताईंनी सुया लावल्या. केशरबाई छताकडे बघत राहिल्या आणि अचानक म्हणाल्या, “ताई, एक इचारू का? पोराला गालगुंड झालं अन् सूज खाली उतरली, तर पुढं लेकरं होत न्हाईत का?”

ताईंचा हात थांबला. “कुणाला झालं होतं, मावशी?”

“आदिनाथला. चौदा-पंधरा वर्सांचा होता. आमी तवा कारखान्यावर गेलतो, ऊसतोडीला. आधी गाल सुजले, मंग ताप चढला, मंग खाली जांघेत सूज आली. पाचटाच्या कोपीत पडून कण्हायचं पोरगं. शेजारच्या कोपीतली बाई म्हणली, दवाखान्यात ने. मुकादम म्हणला, गाडी भरायची हाय. मी गाडी भरली, ताई. संध्याकाळी येऊन फडक्यानं शेकत बसायचे. आठ-दहा दिवसांनी उतरली सूज, अन् मी इसरून गेले. तुमी त्या दिशी इचारलं तवा समदं ध्यानात आलं.”

“मग तेव्हाच का नाही सांगितलंत?”

“जीभ रेटली न्हाई. सहा वर्सं त्या पोरीला वांझ म्हणले मी. चार बायांत म्हणले. अन् दोष तिचा न्हाईच, माझाच असंल तर?” केशरबाईंचा श्वास लागला. “अजून हाय. माझा भाऊ परमेश्वर, त्यानं ताडकळसची पोरगी बघितलीय आदिनाथसाठी. मीच सांगितलं होतं त्याला, आधी. हिला सोडचिठ्ठी द्यायची अन् दुसरी करायची. येत्या बाजाराच्या दिशी बोलणी हाय.”

ताई स्टुलावर बसल्या. “गालगुंडानं प्रत्येक वेळी तसं होत नाही, मावशी. पण होऊ शकतं. तपासल्याशिवाय कळायचं नाही. चूक माझीही आहे. त्याला आणा म्हणून मी हट्ट धरायला हवा होता. मी मात्र निरोगी पोरीला सुया टोचत बसले.” त्यांनी चष्मा काढून हातात धरला. “तिला सांगा.”

“कोणत्या तोंडानं सांगू?”

“‘न्हाई’ ज्या तोंडानं म्हणालात, त्याच.”

दोन दिवसांनी तिघंही आली. आदिनाथला मी पहिल्यांदाच पाहिलं. उंच, खांद्याने रुंद, मान खाली. ताईंनी त्या दिवशी सुयांची डबी उघडलीच नाही. शिवकन्या आणि आदिनाथ माझ्यावर शेजारी शेजारी बसले. केशरबाईंना स्टूल दिलं, पण त्या उभ्याच राहिल्या. त्यांनी कोपीपासून ताडकळसच्या पोरीपर्यंत सगळं सांगितलं. सांगताना सुनेकडे एकदाही बघता आलं नाही त्यांना.

शिवकन्येने नवऱ्याकडे वळून विचारलं, “तुमाला आठवतंय ते दुखणं?”

“आठवतंय,” आदिनाथ पुटपुटला. “त्याच्यामुळं तर नसंल, असं वाटायचं कवा कवा. भ्यालो मी. गावात तोंड दाखवायला जागा ऱ्हाईली नसती.”

“अन् ताडकळसचं?”

“मामानं फोन केलता. मी हो म्हणलो न्हाई.”

“नगं म्हणलात का?”

आदिनाथ नखाने माझ्या रेक्झिनची शिवण उकरू लागला.

“मंजी,” शिवकन्या सावकाश म्हणाली, “मला सोडून समद्यांना ठाऊक होतं.”

मित्रांनो, त्या ‘समद्यां’त मीही होतो. पहिल्या दिवसापासून होतो. तो आवळलेला हात, तो घाम, सगळं माझ्या अंगावरून गेलं होतं आणि मी तिला आठवड्यामागून आठवडे माझ्यावर निजवत होतो. ती उतरली. चपला घातल्या. “ताई, मी माह्या माय-बापाकडं चालले. मला न्यायला कुणी येऊ नगा,” असं म्हणून ती एकटी बसस्थानकाकडे गेली. केशरबाई तिच्यामागे दारापर्यंत गेल्या आणि तिथेच खाली बसल्या.

पुढचं मला त्यांच्या गावच्या सविताकडून कळलं. ती पाठदुखीसाठी येते आणि झोपल्या झोपल्या सगळ्या गावाच्या बातम्या देते. केशरबाईंनी स्वतः ताडकळसला जाऊन बोलणी मोडली. परमेश्वरमामा रागावून बसला, पण त्या मागे हटल्या नाहीत. आदिनाथ परभणीला जाऊन तपासून आला. दोष त्याच्यातच निघाला. अगदीच आशा नाही असं नाही, उपचार करून पाहू, असं डॉक्टरांनी सांगितलं. आणि गावात एका बारशाला, बायका जमल्या असताना केशरबाई उठून म्हणाल्या, “माझ्या सुनेत काही कमी न्हाई. जे कमी हाय ते माझ्या लेकात हाय, अन् ते माझ्यामुळं. आजपासून तिला कुणी काही म्हणलं तर मला म्हणा.” सविता सांगते, पाळण्याची दोरी हातात धरलेली बाई दोरी ओढायची विसरली.

बऱ्याच दिवसांनी शिवकन्या परत आली. आदिनाथ माफी मागायला गेला होता, पण त्याला तिने दोनदा रिकाम्या हाताने परत पाठवलं होतं. आली ती आपल्या अटींवर: जिथे जायचं तिथे दोघांनी जायचं, आणि डॉक्टर काय म्हणाले ते घरात सगळ्यांसमोर बोलायचं. आता परभणीचे उपचार चालू आहेत. अधूनमधून दोघं इकडेही येतात. आदिनाथ आधी माझ्यावर झोपतो. सुई दिसली की डोळे गच्च मिटतो. शिवकन्या बघत असते. कधी हसू येतं तिला, कधी येत नाही.

मूल अजून झालेलं नाही. होईल का, ते ताईंना माहीत नाही, मलाही नाही.

केशरबाई सोबत येतात, पण बाहेरच्या बाकावरच बसतात. परवा उठताना त्यांचा गुडघा धरला. शिवकन्येने ते पाहिलं. “ताई,” ती म्हणाली, “आत्याबाईलाबी घ्या वर. लय दुखायलेत त्यांचे गुडघे.” तिने सासूला दंडाला धरून माझ्यावर चढवलं, साडीचा काठ नीट केला आणि बाहेर जाऊन उभी राहिली. केशरबाई भिंतीकडे तोंड करून रडल्या. मी त्यांना धरून राहिलो. त्या लवकर उतराव्यात असं या वेळी मला वाटलं नाही.

मित्रांनो, माझं रेक्झिन पुन्हा तडकायला लागलं आहे. ते जमेल तसं शिवतील ताई, त्याची मला काळजी नाही. तुमच्याकडे मागणं एकच आहे. एखाद्या घरात मूल नसेल, तर ते कुणा एकाच्या माथी मारू नका. आणि कुणी निर्दोष माणूस तुमच्यासमोर दुसऱ्याच्या वाटणीची शिक्षा भोगत असेल आणि खरं काय ते तुम्हाला ठाऊक असेल, तर गप्प बसू नका. मी लोखंडाचा, मला बोलता आलं नाही. तुम्हाला येतं.