अर्धी भरलेली टाकी

मी पाणबुड्याच्या पाठीवरची टाकी बोलतेय. लोक मला ऑक्सिजनची टाकी म्हणतात, पण माझ्यात साधीच हवा असते. तुम्ही आत्ता घेताय तीच, फक्त दाबून दाबून भरलेली. अंग अ‍ॅल्युमिनियमचं, रंग पिवळा. आता त्याचे पोपडे निघालेत.

कारखान्यातून मी थेट गोव्यातल्या चोपडे गावच्या सगुणकडे आले. त्याचं घर मासेमारीचं. जाळं कुठे अडकलं की हा छाती भरून श्वास घ्यायचा आणि नदीच्या तळाशी जायचा. पुढे तो रीतसर डायव्हिंग शिकला आणि मुरगावच्या पुढल्या बेटाजवळ पर्यटकांना पाण्याखाली नेऊ लागला.

पहिल्यांदा येणारी माणसं मी आठ वर्षं पाहिली. होडीत मोठमोठ्यानं बोलणारा गडी पाण्यात उतरला की सगुणचं मनगट असं धरायचा की वळ उठायचे. मुरलेल्यांची तऱ्हा निराळी. सूचना चालू झाल्या की ते कॅमेऱ्याशी चाळा करत बसत. सगुण दोघांनाही तेच सांगायचा, "श्वास रोखायचा नाही. वर येताना घाई नाही. आपलेच बुडबुडे आपल्या पुढे जाऊ द्या." घाई केली तर रक्तात मुरलेल्या हवेचे फुगे होतात आणि माणूस जन्माचा अधू होतो, हेही तो लपवत नसे.

एका ऑक्टोबरात, होडीवर असतानाच, त्याचा जोडीदार कृष्णनाथ याला गावाहून फोन आला. तो कारापूरचा. तिकडच्या एका खाणीत आदल्या संध्याकाळी रस्ता खचून टिपर ट्रक पाण्यानं भरलेल्या खड्ड्यात गेला होता. चालक मधुकर आतच अडकलेला. तो जिवंत नसणार, हे सगळ्यांनाच कळत होतं.

दोघे तसेच निघाले. बरोबर एक भरलेली टाकी होती, आणि मी. सकाळी पाहुण्यांना फिरवून आलेली, अर्धी.

खाणीचं पाणी लालभडक. त्यात सगुणला स्वतःचा हात दिसेना. पहिली टाकी टिपर शोधण्यातच संपली. तीस मीटर खोल, कुशीवर पडला होता. सगुण वर आला तेव्हा मधुकरची बायको आनंदी काठावर बसलेली होती. सावंतवाडीकडची बाई. रात्रभर जागची हलली नव्हती.

"गावलो?" सापडला का, एवढंच तिनं विचारलं.

"गावलो. पण दार उघडना."

"मग अशेच ठेवन जातलास तेंका? दादा, एकदा परत जावा."

कृष्णनाथनं उद्यावर ढकलून पाहिलं. हळूच म्हणाला, "सगुणा, टाकी अर्दी आसा. फाल्यां भरून हाडूया."

सगुणनं आनंदीकडे पाहिलं आणि मला पाठीवर घेतलं.

खाली त्यानं खिडकीतून हात घालून सीटचा पट्टा कापला. मधुकरची बोटं दाराच्या कडीत रुतली होती. ती एकेक करून सोडवावी लागली. दर श्वासागणिक मी हलकी होत होते. सगुणनं हवेचा काटा डोळ्यांसमोर, चष्म्याच्या काचेला टेकवून बघितला. बघितला, आणि पुन्हा हात आत घातला. मला ओरडता येत नाही.

मधुकरला खिडकीतून बाहेर ओढून, कवेत घेऊन तो निघाला. वाटेत थांबत, हळूहळू वर यायला हवं होतं. पण दहा मीटरवर मी दिलेला श्वास अर्धाच निघाला. मधुकरला सोडलं असतं तर तो पुन्हा त्या गाळात गेला असता. सगुणनं सोडलं नाही. पाय मारत तो तीरासारखा वर आला.

आनंदीनं नवऱ्याचा शर्ट ओळखला. तिच्या रडण्याकडे सगळे धावले. सगुण जीपला टेकून बसला होता. थोड्या वेळानं म्हणाला, "कृष्णनाथा, पायांक मुंग्यो आयल्यात रे." उठायला गेला आणि कोसळला.

या दुखण्यावर जास्त दाबाच्या बंद खोलीत ठेवून उपचार करतात. तिथं पोचेपर्यंत उशीर झाला. कमरेखालचा सगुण परत आला नाही.

माघात आनंदी चोपड्याला आली. ओसरीच्या पायरीवरच बसली. "मी तुमका परत धाडलंय. माका म्हायत नव्हतां ओ," ती म्हणाली.

"माका म्हायत होतां, बाय," सगुण म्हणाला. "माका सगळां म्हायत होतां."

त्याची बायको सुमंगला आतून ऐकत होती. आनंदीला तिनं पाणी दिलं, पण चहा केला नाही.

मी मागीलदारी पडून राहिले. तपासणीची मुदत कधीच उलटली, बूड खारानं पोखरलं. गेल्या महिन्यात मोरजीला नवी होडी घेतलेला एक जण मला मागायला आला. रंग काढून वापरतो म्हणाला. तपासणीचं विचारलं तर हसला. अशा टाकीत हवा दाबून भरली तर ती बॉम्बसारखी फुटते. सगुणनं त्याला परत पाठवलं आणि करवत मागितली.

इतकी वर्षं सुमंगलानं मला हात लावला नव्हता. त्या दिवशी तिनंच मला ओसरीवर ओढत आणलं. झडप उघडून उरलीसुरली हवा सोडली. तिनं गुडघ्यांत मला घट्ट धरलं, त्यानं करवत चालवली. दुपारपर्यंत माझी मान वेगळी झाली.

आता भंगारवाला येईल. तुम्ही समुद्रात उतराल, जरूर उतरा, खाली फार सुंदर आहे. फक्त माझ्यासारखी टाकी पाठीवर असेल तेव्हा काटा बघा, आणि बघितल्यावर त्याचं ऐका. सगुणनं बघितला होता.